कपाचं माप

"ओढ ना मेल्या! नुसता गुरगुरून काय राह्यला?"

प्लायवूडच्या दाराआडून हे वाक्य आलं तेव्हा कोकिळाबाई दारापासून वीतभर अंतरावर तूर निवडत बसल्या होत्या. तूर खरं तर कालच निवडून झाली होती. पण सुनेच्या दाराशी रिकाम्या हातानं बसलं तर लोक म्हणतात सासू कान लावून बसली, आणि सूप घेऊन बसलं तर म्हणतात बाई किती कामसू. म्हणून निवडलेली तूर त्यांनी पुन्हा सुपात ओतून घेतली होती.

आत वैष्णवी कोणाला मेल्या म्हणत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा बंटी ओसरीवर होता. पाच महिन्यांचं बाळ आजोबांच्या, म्हणजे नानाजींच्या मांडीवर होतं. आत होती वैष्णवी आणि ते मशीन. मुठीएवढी मोटर, तिला एक नळी, नळीच्या टोकाला कर्ण्यासारखा प्लॅस्टिकचा कप आणि कपाखाली बाटली. आईनं स्वतःचं दूध काढून ठेवायचा पंप. बंटीनं मोबाइलवरून मागवला होता.

दुधाचा पंप, असं मात्र त्या घरात कोणी म्हणत नव्हतं. बाळ जन्मलं त्याच दिवशी कोकिळाबाईंनी नियम घालून दिला होता, की सुनेच्या दुधाचं नाव कोणी तोंडातून काढायचं नाही. नजर लागते. त्यांच्या माहेरी एकीनं पाणवठ्यावर मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, "माह्यं पोट्टं पिऊन पिऊन थकते, तरी उरते," आणि त्याच आठवड्यात तिचं आटलं. तेव्हापासून कोकिळाबाई दुधाला 'ते' म्हणत. 'ते' पुरते का? 'ते' कमी तर नाही ना झालं? होता होता घरातल्या सगळ्यांच्या तोंडी 'ते' बसलं. पाहुण्यांना वाटे, घरात आणखी एक माणूस आहे आणि त्याची तब्येत जरा नाजूक आहे.

सोमवारी वैष्णवीची रजा संपत होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सोयाबीन तेलाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती. सोयाबीन निघालेलं, ट्रकांची रांग लागलेली, आणि तिच्या साहेबाचे दिवसाआड फोन. जायला कंपनीची बस होती, बाळाला सांभाळायला आजी-आजोबा होते, सगळं जुळून आलेलं. अडलं होतं ते एका गोष्टीपाशी. बाळाला डब्याची पावडर चालत नव्हती. दोनदा पाजून पाहिली आणि दोन्ही वेळा ती नानाजींच्या धुतल्या बनियनवर परत आली. आईचं 'ते' मात्र बाटलीतून पाजलं तर पीत होतं. हातानं दाबून थोडंसं काढून वैष्णवीनं ती परीक्षा घेऊन पाहिली होती. म्हणजे रविवारपर्यंत मशीनवर बाटली भरायला लागली तर नोकरी, नाही तर नोकरीला नमस्कार.

आता सून घरी राहिली तर सासू खूश, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं कोकिळाबाईंचं स्वयंपाकघर पाहावं. पाच महिने घरात बसून वैष्णवीनं तिथली प्रयोगशाळा केली होती. हळदीच्या डब्यावर तारीख. तिखटाच्या डब्यावर तारीख. लोणच्याच्या बरणीवर 'हलवू नये'. कोकिळाबाई स्वतःच्याच घरात चमचा शोधत फिरत. सुनेवर त्यांचा जीव होता. पण तो जीव सकाळी नऊला बसमध्ये बसून लोहाऱ्याला जावा आणि संध्याकाळी हसत परत यावा, असं त्यांना फार फार वाटत होतं. आणि वैष्णवीला तर त्याहून जास्त वाटत होतं. साहेबाचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायची आणि खाली आली की बाळाला उगाचच घट्ट धरून बसायची.

"किती झालं वं?" कोकिळाबाईंनी दाराला विचारलं.

"तळ ओला झालाय, आई."

"तळ ओला म्हंजे?"

"म्हणजे नाहीच झालं."

ओसरीवरून बंटी उठला. बंटीचा धंदा मोटरपंप दुरुस्तीचा. बाभुळगाव तालुक्यात विहिरीवरची, बोअरवरची मोटर बंद पडली की लोक आधी बंटीला फोन करत आणि मग देवाला. नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा. आताही त्यानं दाराला कान लावला आणि डोळे मिटले.

"कोरडी चालून राह्यली," तो म्हणाला. "एअर घेते. कुठंतरी जॉइंट लीक आहे. नाही तर फुटव्हॉल्व्ह गेला."

"अहो, याला फुटव्हॉल्व्ह नसतो," आतून वैष्णवी.

"असते. सगळ्याच पंपायले असते. दे इकडे."

दार बोटभर उघडलं, मशीन बाहेर आलं, दार लागलं. बंटीनं ओसरीवर पोतं अंथरलं, मशीन खोललं, जिथं जिथं आटे दिसले तिथं पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली. मग कप लोट्यातल्या पाण्यात बुडवून बटण दाबलं. मशीननं लोटाभर पाणी गटागट ओढून बाटलीत टाकलं.

"पाहा!" बंटी खुलला. "पंप एकदम ओके आहे. सक्शन बराबर, डिलिव्हरी बराबर. म्हंजे आता फॉल्ट राह्यला फक्त विहि—"

"बंटी!" कोकिळाबाई ओरडल्या.

बंटीनं ते वाक्य गिळलं. नानाजींनी बाळाला उचललं आणि ते गोठ्याकडे निघून गेले. अशा वेळी पुरुष माणसानं गोठ्यात असलेलं बरं.

"मी काय म्हनतो," बंटी दाराला अतिशय मवाळपणे म्हणाला, "तू किती नंबरवर चालवतं?"

"तीन."

"तीनवर काय होते? नऊपर्यंत आहे ना? फुलवर टाक. पैसे फुलचे दिले."

वैष्णवीनं मशीनचे सगळे भाग पुन्हा उकळले, टेप सोलून काढली आणि बटण नऊवर नेलं. मशीनचा आवाज बदलला. आधी मांजरीसारखं गुरगुरत होतं, आता डिझेल इंजिनासारखं धापा टाकू लागलं. आणि त्यात एकदम,

"आई गं!"

"काय झालं वं?"

"काही नाही आई. पाय आपटला पलंगाला."

पाय कसा आपटला असेल, बसलेल्या बाईचा? कोकिळाबाईंच्या मनात आलं. पण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काही तरी बोलली असती, आणि बोलली असती तर मग 'ते' आलं असतं बोलण्यात. त्यांनी तुरीतला एक चांगला दाणा खडा म्हणून फेकून दिला.

गावात काहीही गुप्त राहू शकतं, पण मोटरचा आवाज नाही. दुपारपर्यंत शेजारची लीलाबाई आली. तिच्या मागून तिची जाऊ आली. त्यांच्या मागून समोरच्या घरची म्हातारी काठी टेकत आली आणि दारासमोरच्या एकुलत्या एक खुर्चीत बसली.

"कायची मशीन लावली म्हने?" लीलाबाईनं विचारलं.

"आहे एक," कोकिळाबाई म्हणाल्या.

"मसाल्याची?"

"नाही."

"शिलाईची?"

"नाही वं. वैष्णवीची आहे."

लीलाबाईला सगळं ठाऊकच होतं. विचारायचं ते नुसतं शास्त्र. तिनं पदराखालून डब्बा काढला. "हे घे, हलिवाचे लाडू. सुनेले खाऊ घाल. 'ते' वाढते." लीलाबाईसुद्धा 'ते'च म्हणत होती. तिच्या जावेनं शतावरीची पूड आणली होती. म्हातारीनं काही आणलं नव्हतं, पण तिनं सल्ला आणला होता. "बाजरी अन् लसून," ती दाराकडे तोंड करून ओरडली. तिला ऐकू कमी येई, म्हणून ती सगळ्यांशी ओरडूनच बोलायची. "पोरी, बाजरी अन् लसून! मले सात झाले!"

दाराच्या आत वैष्णवी नऊ नंबरवर बसली होती. दाराच्या बाहेर चार बायका, एक नवरा आणि कोणाचं तरी कुत्रं. मशीनचा आवाज थांबला की सगळे बोलायचे थांबत. सुरू झाला की मान हलवत. क्रिकेटची शेवटची ओव्हर चालू असल्यासारखी ओसरी झाली होती.

"आलं का वं?" लीलाबाईनं दाराला विचारलं.

"येईन, येईन," तिची जाऊ म्हणाली. "घाई नको करू तिले. पन आलं का वं?"

वैष्णवीच्या खोलीची मागची खिडकी गोठ्यावर उघडायची. गोठ्यात रेशमा नावाची एक म्हैस होती आणि आता तिच्यापाशी नातवाला कडेवर घेऊन नानाजी उभे होते. नानाजी कमी बोलायचे. सुनेशी तर 'जेवली का' आणि 'बस आली का' याच्या पुढं त्यांचं बोलणं गेलं नव्हतं. सासऱ्यानं सुनेशी या विषयावर बोलावं, हे तर त्यांच्या सात पिढ्यांत झालं नसेल. पण लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. नानाजींना लेक नव्हती. म्हैस होती.

"रेशमा," खिडकीतून, ओसरीवरूनही ऐकू जाईल असा त्यांचा आवाज आला. "तू मनाले लावून घेऊ नको बाई. तुह्यापाशी पाच मानसं येऊन उभी राह्यली, तर तू पान्हा सोडशीन का? नाही सोडनार. कोनीच नाही सोडनार. जिवाले निवांत वाटलं पायजे. वासरू समोर पायजे, नाही तर वासराचा वास तरी पायजे. ज्यायले अक्कल आहे, त्यायनं दारातून उठून आपापल्या घरी जावं. काय म्हनतं रेशमा?"

रेशमा काही म्हणाली नाही. कोकिळाबाई मात्र सूप टाकून तरातरा गोठ्यात गेल्या.

"अवो, सुनेले म्हशीच्या लाइनीत बसवता? लाज नाही वाटत?"

"मी कोठं सुनेचं नाव घेतलं? मी रेशमासंग बोलून राह्यलो. तू काहून मधात पडतं?"

"रेशमाची धार तुमी सकायीच काढली ना?"

"मंग? धार काढली म्हनून बोलू नाही का तिच्यासंग?"

खिडकीतून खुदकन हसू आलं. दोन दिवसांत वैष्णवी पहिल्यांदा हसली होती. ते हसू ऐकलं आणि कोकिळाबाईंचा राग जागच्या जागी बसला. त्या ओसरीवर परत आल्या, सूप उचललं आणि कोंबड्या हाकलाव्या तशा सगळ्यांना हाकललं. लीलाबाईला म्हणाल्या, लाडू गोड आहेत, आता घरी जा. म्हातारीला खुर्चीसकट बंटीनं उचलून समोरच्या अंगणात नेऊन ठेवलं. कुत्रं आपलं आपण गेलं. मग कोकिळाबाईंनी बाळाचं अंगावरचं, वास असलेलं झबलं काढून सुनेच्या हातात दिलं, एक कापड गरम पाण्यात पिळून दिलं आणि काही न बोलता दार ओढून घेतलं.

या खेपेला त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तिथून काही ऐकू येत नव्हतं. हे फार अवघड गेलं त्यांना.

बऱ्याच वेळानं वैष्णवीनं हाक मारली. बाटलीच्या तळाशी, कपातला चहा बशीत सांडावा तेवढं, 'ते' जमलं होतं. पिवळसर, दाट. कोकिळाबाईंनी घाईघाईनं बाटलीवर पदर टाकला, भिंतीवरच्या पालीची नजर लागू नये म्हणून.

"आलं ना! आता काय, रोज थोडं थोडं..." असं म्हणत त्या वळल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

वैष्णवीनं अजून गाऊनची बटणं लावली नव्हती. तिच्या मांडीवर टॉवेलचं टोक होतं, ओलं, दातांचे व्रण उमटलेलं. टॉवेल दातांत धरून बसली होती पोरगी, ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून. आणि अंगावर कपाच्या काठाचा लालभडक गोल उमटला होता. बांगडी जोरानं दाबून काढावी तसा. मधला भाग तर बघवत नव्हता.

"हे काय वं?"

"काही नाही आई." तिनं घाईनं गाऊन ओढला. "सगळ्यांनाच असं होत असेल. सवय होईल."

"कोन म्हनते सवय होते म्हनून?"

कोणीच म्हणत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं तर कोण सांगणार? कोकिळाबाईंना तो पाय आपटल्याचा 'आई गं' आठवला आणि त्यांना स्वतःचीच सणसणून लाज वाटली. वाढेल कसं, येईल कसं, नजर कशी लागणार नाही, याचा घोर सगळ्या गावाला. ज्या अंगातून ते यायचं, त्या अंगाची चौकशी एकट्या म्हशीनं केली असती तर केली असती.

"दिपालीले लाव फोन," त्या म्हणाल्या.

दिपाली ही वैष्णवीची मावसबहीण, यवतमाळला एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. तिनं फोन उचलला तो हसतच. वैष्णवीनं फोन स्पीकरवर टाकून चोरट्या आवाजात सगळं सांगितलं.

"किती नंबरवर ठेवलंस?" दिपालीनं विचारलं.

"नऊ."

"नऊ? वैष्णवे, तू बाळासाठी काढून राह्यली का शेतातला हरभरा ओलवून राह्यली? कोणी सांगितलं नऊ?"

दोघींनी बंटीच्या दिशेला पाहिलं. तो दाराबाहेरून म्हणाला, "मी गाडी पुसतो," आणि गेला.

"नीट ऐक," दिपाली म्हणाली. "जोर जास्त म्हणजे येणं जास्त, असं नसतं. सुरुवातीला हलकं, भराभर. यायला लागलं की सावकाश, आणि जोर तुला सोसेल तेवढाच. दुखलं की काही तरी चुकतंय समजायचं, सहन नाही करायचं. आता मला सांग, छातीचं टोक कपाच्या नळीत मोकळं हलतं, की कडेला घासतं?"

वैष्णवीनं सासूकडे पाहिलं. सासूनं छताकडे पाहिलं.

"घासतं," वैष्णवी म्हणाली. "खूप."

"मग कप लहान होतोय तुला. डब्यात एकच मापाचा येतो. जगातल्या सगळ्या बायका काय एका साच्यातून निघाल्या? टोकाची रुंदी मोज आणि मोठा घे. बाभुळगावात देवीलालच्या मेडिकलमध्ये असतात वेगवेगळ्या मापाचे, मी परवाच एकीला तिथून घ्यायला लावला. आणि तो मिळेपर्यंत मशीन बंद, बाळाला हळू पाजत राहा."

मोजायचं म्हटल्यावर बंटी त्याचं वर्निअर घेऊन धावत आला. शाफ्ट मोजायचं, लोखंडी, थंडगार. "यानं केसाइतकाही फरक समजते," तो अभिमानानं सांगू लागला. वैष्णवीनं त्याच्याकडे असं पाहिलं की वर्निअर आणि बंटी दोघंही बाहेर गेले. मग शिवणाच्या टेपनं, दार लावून, तिनं आपलं आपण मोजलं आणि दिपालीला कळवलं. दिपालीचं उत्तर आलं. अठ्ठावीस नंबर.

मोबाइलवरून मागवला तर गुरुवारी येणार होता. गुरुवारचा काय उपयोग, सोमवारी बस सुटणार. देवीलालचं मेडिकल रविवारी दुपारी एकपर्यंत उघडं असायचं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी बंटीला पाठवलं. जाताना तो छाती फुगवून गेला. पंपाचा स्पेअर पार्ट आणायचा, जन्म गेला त्यात.

परत आला तो हातात गॅसच्या औषधाची बाटली घेऊन.

"हे काय?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"त्यानं विचारलं काय पायजे. मी म्हटलं घरी त्रास आहे. त्यानं हे देल्लं."

"कप नाही मागितला?"

"मागनारच होतो. पन तिथं मोठेबाबा बसून आहेत."

मोठेबाबा म्हणजे वामनराव, नानाजींचे थोरले भाऊ. दर रविवारी ते बाभुळगावला बीपी मोजायला जात आणि बीपी मोजून झालं तरी मेडिकलमधल्या स्टुलावर बसून सगळा पेपर वाचून काढत. कोणी कोणतं औषध नेलं, हे त्यांच्याकडून आठवडाभर गावाला कळत असे.

"तालुक्यात सक्शन सक्शन म्हनून ओरडत फिरतं," कोकिळाबाई म्हणाल्या, "अन् स्वतःच्या बायकोचं सामान मागाले तोंड नाही?"

"विहिरीचं वेगळं असते आई."

आत बाळ रडत होतं आणि वैष्णवी त्याला दुखऱ्या अंगाशी धरून, दातांत टॉवेल घेऊन बसली होती. टॉवेल सोडून ती नुसतं म्हणाली, "राहू द्या आई. मी साहेबांना फोन करते, येत नाही म्हणून."

कोकिळाबाईंनी साडी बदलली नाही, केस विंचरले नाहीत. लहान कप धुऊन रुमालात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि नानाजींना म्हणाल्या, "गाडी काढा."

मेडिकलसमोर गाडी थांबली तेव्हा नानाजी म्हणाले, "मी इथंच थांबतो. गाडी पाहतो."

"या गाडीले चोर तरी हात लावन का?"

"सांगता येत नाही बाप्पा," असं म्हणून नानाजींनी गाडीचा हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरला.

कोकिळाबाई पायरी चढल्या. आत स्टुलावर पेपर उघडा होता आणि पेपराच्या वर वामनरावांची टोपी होती. झालं. कोकिळाबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. लग्न झाल्यापासून या भासऱ्यांसमोर त्या एक अख्खं वाक्य बोलल्या नव्हत्या. चहा झाला हे त्या दाराची कडी वाजवून सांगत आणि साखर हवी का हे बशी वाजवून विचारत. दोघांचं या भाषेत छान चालत आलं होतं.

"बोला वहिनी," देवीलाल म्हणाला. त्याचा एक हात आधीच शटरच्या आकड्याकडे होता.

"कप," कोकिळाबाई पदराआडून पुटपुटल्या.

"चहाचे कप? ते बाजूच्या दुकानात."

"मशीनीचा."

देवीलालनं खालचा खण उघडला आणि दम्याच्या मशीनला लावायचा मास्क काचेवर ठेवला. "दमा कोनाले आहे?"

कोकिळाबाईंनी मान हलवली. "लहान बाळाच्या..." त्या म्हणाल्या आणि पुढं जीभ वळेना.

देवीलालनं झुणझुणा काढला. मग बाटलीचं बूच. मग, चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, पोट शेकायची रबरी पिशवी. कोकिळाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. अगदी वरच्या फळीवर एक खोकं होतं, त्यावर बाई, बाळ आणि तसल्याच मशीनचं चित्र. शेजारी छोट्या छोट्या डब्या. त्यांनी तिकडं बोट दाखवलं. देवीलाल स्टुलासाठी वळला, पण स्टुलावर वामनराव होते, म्हणून तो खणावर पाय देऊन चढला, हात लांबवला, आणि त्या खोक्याच्या शेजारची वस्तू घेऊन उतरला. काचेवर ठणकन ठेवली.

बेडपॅन होतं ते.

पेपर खाली आला. त्यामागून वामनरावांचा चेहरा निघाला, चिंतेनं भरलेला.

"कोकिळा," ते म्हणाले. "घरी कोन पडून आहे?"

कोकिळाबाईंनी पदराआडून नाही अशी मान हलवली.

"नानाले काय झालं का? अन् मले कोनी सांगितलं नाही?" त्यांनी मान लांब करून बाहेर पाहिलं. नानाजी उन्हात गाडीचा हँडल धरून उभे होते. "नाना तर उभा आहे. चेहरा उतरला पन उभा आहे. मंग बंटीले? बंटी सकायी आलता, गॅसची बाटली घेऊन गेला. तवाच मले डाउट आलता."

"वहिनी, एक वाजून राह्यला," देवीलाल म्हणाला.

"सांग ना बाई," वामनराव म्हणाले. खरोखर मायेनं म्हणाले. "बिमारीचं लपवू नाही कधी. त्यात लाजाचं काय आहे? मोकळं बोलावं मानसानं."

देवीलालनं शटरचा आकडा लावला आणि शटर हातभर खाली ओढलं. दुकानात अर्धा अंधार झाला. कोकिळाबाईंना त्या अंधारात, का कोण जाणे, सुनेचे दात दिसले. टॉवेलमध्ये रुतलेले. त्यांनी पदर डोक्यावरून मागं टाकला. पिशवीत हात घातला, रुमाल काढला, रुमालातून कप काढला आणि बेडपॅनच्या शेजारी काचेवर उभा ठेवला. मग आवाज काढला. समोरच्या म्हातारीशी बोलताना काढत तेवढा मोठा.

"घरी कोनी बिमार नाही, भाऊजी. माह्या सुनेच्या थानाले हा कप लहान होते. दूध भरपूर आहे तिले, पन काढताना दुखते, लय दुखते, अन् आमच्यातल्या एकानंही तिले विचारलं नाही. देवीलालभाऊ, याच्यातला अठ्ठावीस नंबरचा द्या."